गच्चीवरील सौर पॅनेलचे अर्थिंग: तीन खड्डे जरूर असावेत, पण ते एकमेकांपासून तोडून ठेवू नयेत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी तालुक्यातील एका घराच्या गच्चीवर गेल्या हिवाळ्यात ५५० वॉटच्या सहा पॅनेलची, म्हणजे ३.३ किलोवॉटची, ग्रिडला (वीज मंडळाच्या लाइनला) जोडलेली प्रणाली बसली. बसवणाऱ्याने लाइटनिंग अरेस्टर (पडणारी वीज जमिनीत नेणारा खांब), डीसी म्हणजे पॅनेलची बाजू आणि एसी म्हणजे घराची बाजू यांच्यासाठी अर्थिंगचे तीन वेगवेगळे खड्डे केले आणि तिन्हींचा रोध ५ ओहमच्या आत असल्याचे बल्ब लावून दाखवले. पावसाळा सुरू झाल्यापासून पॅनेलच्या फ्रेमला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि काही सकाळी इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसीचे घराच्या एसीत रूपांतर करणारे यंत्र) आयसोलेशनचा, म्हणजे तारांच्या आवरणातून गळतीचा, दोष दाखवून तासभर सुरूच होत नाही. गावातील वायरमन म्हणतो की हे सगळे घराच्या जुन्या अर्थिंगला जोडून टाका. बसवणारा म्हणतो की तसे केले तर पडलेली वीज घरात शिरेल, तिन्ही अर्थिंग वेगळीच राहिली पाहिजेत. यात खरे कोणाचे?

मी गेली अनेक वर्षे परवानाधारक विद्युत ठेकेदार म्हणून कोकणात आणि घाटावर काम करतो आहे. सुरुवात झिणझिण्यांपासून करतो, कारण बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबू शकतात, हा थांबू शकत नाही.

पॅनेलमधील सिलिकॉनच्या चकत्या आणि बाहेरची ॲल्युमिनियमची फ्रेम यांच्यामध्ये काच आणि प्लास्टिकचे थर असतात. दोन वाहकांच्या मध्ये असा विद्युतरोधक थर आला की त्याचा आपोआप कपॅसिटर बनतो. काचेच्या, फ्रेम असलेल्या पॅनेलच्या बाबतीत ही धारकता दर किलोवॉटमागे साधारण ५० ते १५० नॅनोफॅरड असते आणि काचेवर पावसाच्या पाण्याचा पातळ थर पसरला की ती वाढते. आजचे बहुतेक घरगुती इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरविना असतात, त्यामुळे ग्रिडची बाजू आणि पॅनेलची बाजू एकमेकींपासून पूर्णपणे विलग नसतात, आणि अशा इन्व्हर्टरच्या काही रचनांमध्ये पॅनेलच्या दोन्ही डीसी तारा जमिनीच्या तुलनेत सुमारे ११५ व्होल्टने, सेकंदाला ५० वेळा, वरखाली होत राहतात. ३.३ किलोवॉटला ३०० नॅनोफॅरड धरले तर या मार्गाने सुमारे ११ मिलिअँपियर प्रवाह वाहू शकतो. फ्रेम जमिनीशी नीट जोडलेली असेल तर तो प्रवाह अर्थच्या तारेतून निमूट जातो. ती जोडलेली नसेल तर फ्रेमला हात लावणारा माणूस हीच त्याची वाट ठरते. १० मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह गेला की हातातली वस्तू सोडणे मोठ्या माणसालाही अवघड जाऊ लागते, आणि लहान मुलांची मर्यादा याहून बरीच कमी आहे. गच्चीच्या कडेला उभे असताना याहून कमी धक्कासुद्धा तोल घालवायला पुरेसा होतो. इन्व्हर्टरमधील गळतीरक्षण ३० मिलिअँपियरच्या अचानक वाढीला प्रतिसाद देते, त्यामुळे या प्रवाहासाठी ते इन्व्हर्टर बंद करील अशी आशा धरू नये.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्यावी. रात्री, इन्व्हर्टर झोपलेला असताना, टेस्टर किंवा मीटर लावून फ्रेमवर व्होल्टेज दिसते का ते वायरमनकडून पाहून घ्यावे. हात लावून पाहू नये. रात्री काही दिसत नसेल तर मी वर सांगितले तेच कारण जवळजवळ निश्चित आहे. रात्रीही व्होल्टेज दिसत असेल तर घरातील एखाद्या उपकरणाची किंवा वायरिंगची गळती अर्थच्या तारेने वर चढते आहे, आणि तो दोष घरात शोधावा लागेल.

आपल्या वर्णनावरून मला वाटते की खड्ड्यांपेक्षा फ्रेम आणि खड्डा यांच्यामधील जोडणीत दोष आहे. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो. तो थर गंजापासून वाचवतो, पण तो विद्युतरोधक आहे, आणि त्यावर साधा वॉशर ठेवून बोल्ट कितीही आवळला तरी खालच्या धातूपर्यंत संपर्क पोहोचतोच असे नाही. पॅनेल क्लँपने स्ट्रक्चरवर बसवले आणि स्ट्रक्चरला अर्थची तार जोडली म्हणजे फ्रेमला अर्थिंग मिळाले, असे अनेक जण धरून चालतात. मी मीटर लावून पाहिलेल्या अशा गच्च्यांवर सहापैकी दोन-तीन फ्रेम पूर्ण तुटक निघणे ही नित्याची गोष्ट आहे. प्रत्येक पॅनेलच्या फ्रेमवर अर्थचे चिन्ह कोरलेले एक छिद्र असते. तार तिथेच जोडायची असते, आणि दात असलेला स्टेनलेस स्टीलचा वॉशर वापरायचा असतो, म्हणजे त्याचे दात ॲनोडायझिंग फोडून धातूत रुततात. तांब्याचा उघडा लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची जोडचकती) ॲल्युमिनियमला थेट टेकवू नये. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्या दोन धातूंच्या सांध्यावर दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी धरते आणि सांधा मरतो. कथिलाचा मुलामा दिलेला लग आणि मध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर घ्यावा. तार ६ चौरस मिलिमीटरची, हिरव्या-पिवळ्या आवरणाची, तांब्याची असावी, आणि ती एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये अशा रीतीने नेऊ नये की मधले एक पॅनेल काढले की पुढच्या सगळ्यांचे अर्थिंग तुटेल. अखंड मुख्य तार ठेवून प्रत्येक फ्रेमला तिच्यातून फाटा द्यावा. काम झाल्यावर मीटरची एक टोकतार खालच्या अर्थच्या पट्टीवर आणि दुसरी एकेका फ्रेमवर, ॲनोडायझिंग खरवडून, लावावी. प्रत्येक फ्रेमला १ ओहमच्या बरेच आत वाचन आले पाहिजे. सहा पॅनेल म्हणजे सहा वाचने, एक घेऊन बाकीची गृहीत धरायची नाहीत.

आता सकाळच्या त्या आयसोलेशनच्या दोषाकडे वळतो. अशा प्रणालीत डीसीची अधिक किंवा उणे यांपैकी कोणतीही तार जमिनीला जोडलेली नसते. दोन्ही तरंगत्या असतात. ‘डीसी अर्थिंग’ या शब्दामुळे काही नवखे कामगार उणे तार खड्ड्यात नेऊन जोडतात, ती गंभीर चूक आहे. डीसी अर्थिंग म्हणजे पॅनेलच्या फ्रेमचे, स्ट्रक्चरचे आणि डीसी बाजूच्या सर्ज प्रोटेक्टरचे (व्होल्टेजची अचानक उसळी जमिनीकडे वळवणाऱ्या उपकरणाचे) अर्थिंग. दररोज सुरू होण्यापूर्वी इन्व्हर्टर या तरंगत्या तारा आणि त्याचे स्वतःचे अर्थ टर्मिनल यांच्यातील रोध मोजतो, आणि तो कमी भरला तर ग्रिडला जोडून घेत नाही. पहाटेच्या ओलाव्यात रोध कमी असतो, ऊन चढून सगळे वाळले की तो वाढतो आणि यंत्र सुरू होते. म्हणजे आपल्याकडे कुठेतरी डीसी तारेचे आवरण जखमी आहे किंवा एखादा कनेक्टर पाण्यात पडून आहे. स्ट्रक्चरच्या धारदार कडेवर घासलेली केबल, नीट न दाबलेले एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या तारा एकमेकींना जोडणारे प्लग), उंदरांनी कुरतडलेला भाग, आणि कोकणात विशेषतः माकडांनी ओढून लोंबकळवलेल्या तारा, या क्रमाने शोध घ्यावा.

हा दोष म्हणजे कटकट नव्हे, तो वेळेवर आलेला इशारा आहे. तरंगत्या प्रणालीत पहिला दोष झाला तर फारसा प्रवाह वाहत नाही, म्हणून काही घडल्याचे कळतही नाही. दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या तारेचे आवरण गेले की फ्रेममधूनच वाट पूर्ण होते. सहा पॅनेलच्या मालिकेत सुमारे ३०० व्होल्ट डीसी असतो, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जात नाही, त्यामुळे ती आपणहून विझण्याऐवजी धरून राहते. गच्चीवरील आगी अशाच लागतात. एका घरी मला बोलावले तेव्हा इन्व्हर्टरचा इशारा ‘दुरुस्त’ झालेला होता. उघडून पाहिले तर आधीच्या कारागिराने स्ट्रक्चरची अर्थ तारच काढून ठेवली होती. अर्थ नसेल तर त्या फ्रेमवर झालेल्या दोषाचे मोजमाप इन्व्हर्टरला करता येत नाही, आणि सगळे ठीक दिसते. दोष मात्र तिथेच होता, केबल स्ट्रक्चरच्या पायाशी सोलली गेली होती. त्या घरातली मुले त्याच गच्चीवर पतंग उडवत असत, हे आठवले की मला आजही अस्वस्थ वाटते.

आता मूळ वादाकडे येतो. तीन खड्डे करावेत ही पद्धत चुकीची नाही, आणि तपासणीच्या वेळी ते मागितले जातात, तेव्हा ते असू द्यावेत. पण तीन इलेक्ट्रोड (जमिनीत पुरलेल्या सळ्या किंवा प्लेट) असणे आणि ते तीन एकमेकांपासून तोडलेले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वीजसंरक्षणाचे आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक एका इमारतीची सर्व अर्थिंग एकत्र जोडलेली असावीत असेच सांगते, आणि त्यामागचे कारण साध्या गुणाकारात दिसते. अरेस्टरच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम धरा, आणि पडलेल्या विजेचा प्रवाह १० हजार अँपियर, जो विजेच्या मानाने मोठा नाही. त्या क्षणी तो खड्डा आणि त्याला जोडलेले सगळे धातू दूरच्या जमिनीच्या तुलनेत ५० हजार व्होल्टवर जातात. एसीचा खड्डा वेगळा असेल तर तो जवळजवळ शून्यावर राहतो. मग इन्व्हर्टरच्या पेटीत, जिथे गच्चीवरून आलेल्या तारा आणि घराच्या तारा काही सेंटिमीटरवर एकत्र येतात, त्या दोघांच्या मध्ये हा सगळा फरक उभा राहतो, आणि ठिणगी तिथेच उडी मारते. तिन्ही खड्डे एकत्र बांधलेले असतील तर सगळे एकदमच वर जाते आणि एकदमच खाली येते. फरक उरतो तो फार थोडा. ‘जोडले तर वीज घरात शिरेल’ ही भीती मी समजू शकतो, पण प्रत्यक्षात वीज घरात शिरते ती न जोडल्यामुळे.

तेव्हा आपला वायरमन अर्धा बरोबर आहे. जोडायचे खरे, पण घराच्या जुन्या अर्थिंगवर सगळा भार टाकायचा नाही, आणि जोडणी गच्चीवर किंवा भिंतीवर नाही तर खाली, जमिनीलगत करायची. अरेस्टरची उतरती पट्टी बाहेरच्या भिंतीने सरळ खाली येऊन तिच्या खड्ड्यात जावी, आणि तिथून जमिनीखालून पट्टीने बाकीचे दोन खड्डे व घराचे जुने अर्थिंग जोडावे. २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी म्हणजे ७५ चौरस मिलिमीटर. विजेच्या उतरत्या वाहकासाठी किमान ५० लागतात, तेव्हा ती पुरते. जमिनीखालच्या भागासाठी मात्र मी २५ बाय ६ ची घेतो, कारण आपल्याकडील ओली, आम्लधर्मी माती जस्त लवकर खाते. पट्टीचे तीव्र काटकोन टाळावेत आणि प्रत्येक खड्ड्यावर मोजणीसाठी उघडता येणारा सांधा ठेवावा.

५ ओहमच्या आकड्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. बल्ब लावून अर्थिंगची परीक्षा होत नाही. १०० वॉटच्या बल्बचा स्वतःचा रोध पेटल्यावर सुमारे ५३० ओहम असतो. त्याच्या वाटेत ५० ओहमचे वाईट अर्थिंग आले तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो लख्ख पेटतो. शिवाय त्या वेळी अर्थच्या तारेवर आणि तिला जोडलेल्या प्रत्येक धातूवर २० व्होल्ट चढतात. मोजमाप अर्थ टेस्टरनेच व्हायला हवे: खड्ड्यापासून सुमारे ३० मीटरवर प्रवाहाची खुंटी आणि त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर व्होल्टेजची खुंटी. तेही मे महिन्यात, जमीन कोरडी असताना. ऑगस्टमधील वाचन कोणत्याही खड्ड्याचे चांगलेच येते.

रत्नागिरीच्या जांभ्यात ३ मीटरच्या एका सळीने ५ ओहम मिळाले असे कोणी म्हणाले तर मी टेस्टर घेऊन स्वतः मोजल्याशिवाय ते मानणार नाही. देशावरच्या काळ्या मातीची रोधकता ३० ओहम-मीटर धरली तरी अशा सळीला सुमारे १० ओहम भरतात. जांभ्याची रोधकता ५०० धरली तर तीच सळी १६५ ओहमवर जाते. मीठ-कोळसा घालून काही महिने आकडा सुधारतो, पण कोकणच्या पावसात मीठ धुऊन जाते आणि जाताना पाइपही खाऊन जाते. त्याऐवजी बेंटोनाइट (ओलावा धरून ठेवणारी चिकणमाती) भरावे. त्याहून अधिक उपयोग होतो तो आडव्या पट्टीचा. परसातील मातीची रोधकता २०० असेल तर ३ मीटरची उभी सळी ६५ ओहमच्या आसपास राहते, आणि तिथेच ६० सेंटिमीटर खोल पुरलेली २० मीटर पट्टी १७-१८ ओहमपर्यंत खाली आणते. ही पट्टी माडांच्या आळ्यांजवळून, जिथे वर्षभर शिंपणे चालते, तिथून न्यावी. त्या ओलाव्यासारखे दुसरे औषध नाही. तीन खड्डे जोडणारी पट्टी हीच असली म्हणजे एका चरात दोन्ही कामे होतात. विहिरीत पट्टी किंवा प्लेट सोडण्याची सूचना कोणी केली तर ती मानू नये, कारण त्याच पाण्यात घागर आणि पंप असतो.

पण ५ ओहम खरोखर मिळाले तरी त्यावर जिवाचे रक्षण सोपवता येत नाही, आणि हे फार थोड्या घरांना सांगितले जाते. आपल्याकडे घरात फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा येतात, अर्थ आपण आपल्या अंगणात करतो. एसी बाजूला फेज एखाद्या धातूच्या पेटीला लागली तर प्रवाहाला आपल्या खड्ड्यातून मातीत आणि मातीतून डीपीच्या (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरच्या) अर्थिंगमधून परत जावे लागते. दोन्हीकडे ५-५ ओहम धरले तर २३० भागिले १०, म्हणजे फक्त २३ अँपियर. ३२ अँपियरचा एमसीबी (जादा प्रवाह झाला की लाइन तोडणारा स्विच) त्याने पडणारच नाही, आणि पेटी ११५ व्होल्टवर तशीच उभी राहील. म्हणून आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे होणारी गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच, हवाच. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी अर्थिंग १०० ओहमचे असले तरी पडतो, मात्र पेटीपासून मातीपर्यंतची तार अखंड असली पाहिजे. यातून माझा क्रम असा ठरतो की आधी जोडण्यांची अखंडता, मग आरसीसीबी, मग सगळ्या अर्थिंगची एकमेकांशी बांधणी, आणि ओहमचा आकडा त्यानंतर. इन्व्हर्टरची एसी तार घरातील ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीमागे घेऊ नये, कारण पावसात वर सांगितलेल्या गळतीने तो वारंवार पडेल आणि कोणीतरी वैतागून तो काढून टाकील. सौर लाइनला एसीडीबीमध्ये (इन्व्हर्टरच्या एसी बाजूच्या स्विचपेटीत) तिचा स्वतंत्र आरसीसीबी द्यावा, इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचा आणि मर्यादेचा; बहुधा तो १०० किंवा ३०० मिलिअँपियरचा असतो. न्यूट्रलला अर्थ म्हणून वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. डीपीकडून येणारी न्यूट्रल एखाद्या वादळात तुटली तर गच्चीवरची प्रत्येक फ्रेम २३० व्होल्टवर जाईल.

अरेस्टरबद्दल थोडेच सांगायचे आहे. त्याचा खांब पॅनेलच्या स्ट्रक्चरला बांधलेला नसावा. तो वेगळा, थोड्या अंतरावर आणि सावली पडणार नाही असा उत्तरेकडे असावा. ‘पन्नास मीटरपर्यंत संरक्षण’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या, खांबाच्या टोकावरच्या महागड्या टोप्यांवर खर्च करू नये. वर उल्लेखलेल्या मानकात संरक्षित क्षेत्र ठरते ते धातूच्या प्रत्यक्ष उंचीवरून. अरेस्टर असला तरी जवळपास पडलेल्या विजेचा धक्का तारांमध्ये येतोच, म्हणून डीसीच्या अधिक आणि उणे तारा शेजारी-शेजारी न्याव्यात, त्यांच्यामध्ये मोठा फेरा राहू देऊ नये. गच्चीपासून इन्व्हर्टरपर्यंत १० मीटरहून अधिक केबल असेल तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावावा. त्याची अर्थ तार अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. एक मीटर तारेत सुमारे १ मायक्रोहेन्री प्रेरकता असते, आणि विजेच्या वेगाने वाढणाऱ्या प्रवाहात तेवढ्याच तारेवर हजारो व्होल्ट उभे राहतात, मग प्रोटेक्टर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. त्याच्या खिडकीतला हिरवा रंग मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटानंतर आठवणीने पाहावा. लाल दिसला तर तो बदलावा.

दुरुस्ती होईपर्यंत आपण आधी एसी बाजूचा स्विच आणि त्यानंतर डीसी आयसोलेटर बंद ठेवावा. रात्रीच्या तपासणीत फ्रेमवर व्होल्टेज दिसले नसेल तर त्याने झिणझिण्या थांबतील, पण पॅनेलमधील व्होल्टेज थांबणार नाही. ऊन असेपर्यंत ३०० व्होल्ट गच्चीवर हजर असतात आणि तारेचे आवरण कुठे गेले आहे ते अजून आपल्याला माहीत नाही. तोवर गच्चीचे दार कुलूपबंद ठेवावे आणि पॅनेल धुणे थांबवावे. फ्रेमच्या जोडणीचे काम कारागिराने पॅनेलवर ताडपत्री पसरून, रबरी हातमोजे घालून, कोरड्या दिवशी करावे, आणि भार चालू असताना एकही एमसी-फोर कनेक्टर ओढू नये. काम संपल्यावर सहा फ्रेमची सहा वाचने, चारही अर्थिंगची सांधे उघडून घेतलेली वेगवेगळी व जोडल्यानंतरची एकत्र वाचने, आणि मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने) घेतलेला डीसी तारांचा आवरणरोध कागदावर सहीसह मागून घ्यावा. पुढच्या मे महिन्यात तोच कागद हातात धरून पुन्हा मोजता येईल.